कच्च्या हेराची बाजू

फ्रान्स्वा त्रुफोचा ‘बेझे वोले’ मला आवडतो, हे आता मी चारचौघांत सांगते. पूर्वी सांगत नव्हते, कारण पूर्वी तो आवडतच नव्हता. ‘स्टोलन किसेस’ या इंग्रजी नावानं आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये हा सिनेमा ओळखला जातो. खेळ संपला की बाहेर चहा पिता पिता ज्या चर्चा रंगतात, त्यांत ‘त्रुफोचा गोडमिट्टा सिनेमा’ असा शेरा मारून मोकळं होणाऱ्यांत मी पुढे असायचे. १९५९ साली ‘फोर हंड्रेड ब्लोज’सारखा काळजाला हात घालणारा सिनेमा करणाऱ्या माणसानं, नऊ वर्षांनी त्याच नायकाला हाताशी धरून इतकं फुसकं काहीतरी करावं, हे मला पटत नव्हतं. ते मत एका दिवसात बदललं नाही. एकेक धागा सुटत गेला. काही धागे अजून सुटलेले नाहीत, त्यांच्याकडेही येईन.

गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. आंत्वान द्वानेल हा ‘फोर हंड्रेड ब्लोज’मधला तोच पोरगा, आता विशीतला. नटही तोच, झाँ-पिएर लेओ. सैन्यात भरती झालेला हा गडी तिथं काही टिकत नाही. लष्करी कोठडीत बाल्झाकची कादंबरी वाचत पडलेला असताना त्याला बोलावलं जातं आणि नालायक ठरवून घरी धाडलं जातं. क्रिस्तीन नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम आहे. तिचं त्याच्यावर आहे की नाही हे तिलाच नीट ठाऊक नाही, तिच्या आईवडिलांना मात्र मुलगा पसंत आहे. तिच्या वडिलांच्याच ओळखीनं त्याला मोंमार्त्रमधल्या एका हॉटेलात रात्रपाळीची नोकरी लागते. ती जाते. मग तो खासगी गुप्तहेरांच्या एका एजन्सीत लागतो. तीही जाते. शेवटी तो टीव्ही दुरुस्त करत घरोघर फिरताना दिसतो. मधल्या काळात बुटांच्या दुकानाचा एक मालक, त्याची देखणी बायको आणि क्रिस्तीनच्या मागं मागं फिरणारा एक रेनकोटवाला अनोळखी गृहस्थ येऊन जातात. कथानक म्हणावं तर एवढंच.

माझी पहिली तक्रार त्या हेराबद्दल होती. मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली मुलगी. आजोळच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत त्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही भावंडं ट्रंकेभोवती. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसानं आमच्या डोक्यात एक कायदा पक्का बसवला होता: हेर आला की गुन्हा हवा आणि गुन्हा असला की उलगडा हवा. पुढे दूरदर्शनवर करमचंद हा मालिकेतला हेर गाजर खात आला. तो विनोदी होता, सहायक किटीला गप्प करण्यात त्याचा निम्मा वेळ जायचा, पण भाग संपेपर्यंत खुनी सापडलेला असायचा. म्हणजे विनोदाला आमची ना नव्हती. काम अर्धवट टाकण्याला होती.

आंत्वान काम अर्धवटसुद्धा करत नाही. रस्त्यानं चाललेल्या एका बाईवर पाळत ठेवायला त्याला पाठवतात, तर तो अशा काही लपतछपत, झाडाआडून डोकावत जातो की शंभर माणसांत एकटा तोच उठून दिसावा. ती बाई शेवटी पोलिसाकडे तक्रार करते आणि आमचा हेर पळ काढतो. लेओच्या त्या पळण्यात हसू येतं, नाही असं नाही. पण माझं म्हणणं असं, की नवखा असला तरी माणूस शिकतो ना! नवख्याची गोष्ट सांगायची म्हणजे तो ठेचा खात तयार कसा होतो ते सांगायचं. हा पहिल्या दिवशी जितका कच्चा असतो, तितकाच कच्चा हाकलला जातो. मग हेरगिरीचं सोंग हवंच कशाला? त्याला पोस्टमन करा, काय फरक पडतो, असं मी म्हणत असे.

दुसरी तक्रार सालाची होती. १९६८. पॅरिसमध्ये मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कामगारांनी संप केले, देश थांबला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा सिनेमा फ्रान्समध्ये लागला आणि त्यात काय, तर बुटांचं दुकान आणि प्रेमपत्रं! सुरुवातीला शार्ल त्रेनेचं चाळीसच्या दशकातलं गाणं, सिनेमाचं नावही त्याच गाण्यातलं. वर्तमान पेटलेलं असताना हा माणूस जुन्या रेकॉर्डी लावून बसलाय, असा माझा राग होता. चळवळीत वावरलेल्या मित्रमैत्रिणींमध्ये हे मत खपतही छान असे.

पहिला धागा सुटला तो सिनेमामुळे नव्हे, कायद्यामुळे. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. त्या निमित्तानं इतर देशांत काय होतं ते वाचत असताना फ्रान्सची माहिती समोर आली. १८१० च्या फ्रेंच दंड संहितेनुसार व्यभिचार करणाऱ्या बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकत होती. नवऱ्याला कैद नाहीच. त्यानं राहत्या घरात दुसरी बाई आणून ठेवली तरच शिक्षा, आणि तीही दंडाची. हे सगळं निघालं १९७५ साली. परस्परसंमतीनं घटस्फोट घेण्याची सोयही त्याच वर्षीच्या कायद्यानं आली. तोवर जोडीदाराचा दोष सिद्ध करायला लागायचा. दोष सिद्ध करायचा म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे हेर.

हे वाचल्यावर हॉटेलातला प्रसंग मला वेगळाच दिसायला लागला. दोन माणसं येतात. एकजण नवरा, दुसरा मस्यू आंरी, या धंद्यात केस पांढरे झालेला खासगी हेर. दोघं मिळून आंत्वानला बोलण्यात गुंडाळतात आणि एका खोलीचं दार उघडायला लावतात. आत त्या नवऱ्याची बायको परपुरुषाबरोबर. मग आरडाओरडा, फेकाफेक, आणि या गदारोळात म्हातारा हेर शांतपणे कामाचं बघतोय. मी हा प्रसंग निव्वळ फार्स म्हणून बघत आले होते. प्रत्यक्षात तिथं पंचनाम्याची तयारी चालली आहे. त्या बाईला कैद होऊ शकते. गुन्हा कुठंय, असं मी विचारत होते आणि गुन्हा पलंगावर चादर गुंडाळून बसला होता. मस्यू आंरी पुढे भला माणूस निघतो, आपल्यामुळे पोराची नोकरी गेली म्हणून त्याला स्वतःच्या एजन्सीत चिकटवतो. पण त्याचं पोट कशावर चालतं, हे त्रुफोनं एकही भाषण न देता सांगून टाकलेलं आहे. रहस्यकथेतला हेर हिरे शोधतो. खरा हेर बायका शोधतो, नवऱ्यांच्या पैशानं. आपल्याकडे लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या डिटेक्टिव्ह एजन्सीच्या जाहिराती वाचल्या तरी ‘विवाहपूर्व चौकशी’ ही ओळ ठळक दिसते.

आता पॅरिसचं या धंद्याशी नातं जुनं आहे. फ्रान्स्वा व्हिदोक हा सराईत कैदी आधी पोलिसांचा खबरी झाला, मग गुन्हे शोधणाऱ्या पथकाचा प्रमुख झाला आणि १८३३ साली त्यानं पॅरिसमध्ये स्वतःची चौकशी कचेरी काढली. जगातली पहिली खासगी गुप्तहेर संस्था म्हणून तिचं नाव घेतात. बाल्झाकनं त्याच्यावरून व्होत्रँ हे पात्र रचलं. आंत्वानही कोठडीतूनच येतो आणि त्याच्याही हातात बाल्झाक आहे. पण तो वाचतोय ‘द लिली ऑफ द व्हॅली’, एका तरुणाच्या विवाहित स्त्रीवरच्या प्रेमाची कादंबरी. व्होत्रँचा बाल्झाक वाचला असता तर एजन्सीत टिकला असता. हा चुकीचा बाल्झाक वाचून आलाय.

दुसरा धागा माझ्या नोकरीतला. मी एका सहकारी बँकेत होते आणि त्यातली बरीच वर्षं कर्जदारांच्या घरी जाऊन पाहणी करण्याचं काम माझ्याकडे होतं. छापील नमुना असे. पत्ता बरोबर आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, कुटुंबात माणसं किती, राहणीमान कसं, शेजाऱ्यांचं मत काय. ‘राहणीमान’ या रकान्यात ‘साधारण’ किंवा ‘बरे’ लिहायचं असतं. नव्यानं लागले होते तेव्हा एका शिंप्याच्या घराची पाहणी करून मी लिहिलं, की दोन मशिनी आहेत, एक चालू, दुसरी बंद आहे पण रोज पुसलेली दिसते. ती दुसरी मशीन त्याच्या वारलेल्या भावाची होती, हे बोलता बोलता कळलं होतं, तेही लिहिलं. साहेबांनी लाल शाईनं ती ओळ खोडली. समासात शेरा: ‘अनावश्यक’. त्यांचं बरोबर होतं. बंद मशिनीवर कर्ज मिळत नाही. पुढे मी इतकी तयार झाले की घरात शिरताना मला फ्रिज, टीव्ही आणि फरशी एवढंच दिसायचं. माझे अहवाल नमुनेदार म्हणून नव्या मुलांना दाखवले जात.

निवृत्तीनंतर ‘बेझे वोले’ परत बघितला, आणि एका प्रसंगाशी थबकले. आंत्वानला बुटांच्या दुकानात कामगार म्हणून पेरलेलं असतं. एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो मालकाच्या बायकोला बघतो आणि एजन्सीला फोनवर कळवतो. पलीकडे कातरीनबाई, एजन्सीतल्या वरिष्ठ. त्या वर्णन विचारतात. हा सांगायला लागतो: चेहऱ्याची ठेवण, नाक, कांती कशी, तर आतून दिवा लावल्यासारखी. बाई वैतागून म्हणतात, अहवाल मागितलाय, प्रेमाची कबुली नव्हे. पूर्वी मी इथं हसून पुढे जात असे. या वेळी मला समासातली लाल शाई दिसली.

तेव्हा लक्षात आलं की आंत्वानचा कच्चेपणा कौशल्याचा नाहीच. डोळे त्याला आहेत, आणि ते एजन्सीतल्या कुणाहीपेक्षा चांगले आहेत. नसते तर ते वर्णन आलं नसतं. पाळत ठेवण्यासाठी जे दुसरं लागतं ते त्याच्याकडे नाही. समोरचा माणूस बघायचा आणि आपण कोरडं राहायचं, हे त्याला येत नाही. आपल्याकडच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी संशयिताच्या घरात मोलकरीण बनून राहिल्याच्या हकिकती मुलाखतींमधून सांगितल्या आहेत. तिथं भांडी घासताना त्या घराचं आपण कुणी लागत नाही, हे क्षणभरही विसरून चालत नाही. खरा हेर तसा असतो. आंत्वान ज्या घरात जाईल त्या घराचा होतो. क्रिस्तीनच्या आईवडिलांच्या टेबलावर तर तो ती घरी नसतानासुद्धा जेवून जातो. अशा माणसाला पाळतीवर पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. नवखा शिकत का नाही, हा माझा जुना प्रश्न मी आता उलटा विचारते: शिकला असता तर काय झालं असतं? मी शिकले होते. मला माहीत आहे.

त्या बुटांच्या दुकानाच्या मालकाची गोष्ट आधी नीट बघितलीच नव्हती असं नाही, पण ती मला एक मजेशीर विक्षिप्तपणा वाटायची. जॉर्ज ताबार त्याचं नाव. काम केलंय मायकेल लाँसडेलनं. फोर्साइथच्या कादंबरीवरचा ‘द डे ऑफ द जॅकल’ ज्यांनी बघितला असेल त्यांना तो आठवेल. १९७३ च्या त्या सिनेमात फ्रेंच पोलिसांचा शांत, चिवट तपास अधिकारी लबेल तो हाच. म्हणजे पुढे हेरांचा हेर झालेला नट इथं गिऱ्हाईक होऊन येतो. त्याची तक्रार काय? बायको पळून गेली नाही, गल्ल्यातून पैसे गेले नाहीत. धंदा उत्तम, घर उत्तम. पण माझ्यावर कुणी प्रेम करत नाही, आणि का करत नाही ते मला शोधून हवंय. हे तो पाण्याच्या बिलाची तक्रार करावी तसं सांगतो. एजन्सीचा मालक ब्लादी गंभीरपणे टिपून घेतो आणि केस स्वीकारतो. दुकानात माणूस घालायचं ठरतं. नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांची बुटांचं खोकं बांधायची परीक्षा होते. आंत्वानचं पुडकं असं काही होतं की कागद सुटा, दोरी सुटी. निवड मात्र त्याचीच होते, कारण ती आधीच ठरलेली. बाकीचे उमेदवार आपापल्या नीटनेटक्या खोक्यांकडे बघत राहतात.

आता या प्रश्नाचं उत्तर कुठल्या नोंदवहीत सापडणार? दुकानातल्या मुली मालकाला पाठीमागं काय म्हणतात ते कळेल. बायको किती वाजता बाहेर पडते ते कळेल. ‘का’चं उत्तर त्यातून निघणार नाही. आणि खरं तर एजन्सीत बसून तो पाच मिनिटं बोलतो तेवढ्यातच ते आपल्याला मिळालेलं असतं. माणूस ऐकतच नाही, फक्त बोलतो. सिनेमाभर सगळी माहितीच गोळा करताहेत: कोण कुणाबरोबर, किती वाजता, कुठल्या दारातून. त्या माहितीनं एकाचंही भलं होत नाही. एक गिऱ्हाईक आपल्या हरवलेल्या जादूगार मित्राचा ठावठिकाणा विचारायला येतं. एजन्सी चोख काम करते, जादूगार सापडतो, त्याचं लग्न झालेलं असतं. हे कळल्यावर त्या गिऱ्हाइकाचं जे होतं ते बघवत नाही. कामगिरी फत्ते झालेली या सिनेमातली ती केस.

तिसरा धागा त्रुफोच्या चरित्रातला. सिनेमा लिहिताना त्याचे सहलेखक क्लोद द जिव्हरे आणि बेर्नार रव्हों पॅरिसमधल्या द्यूब्ली या खऱ्याखुऱ्या गुप्तहेर संस्थेत जाऊन बसले, तिथल्या लोकांच्या हकिकती गोळा केल्या. म्हणजे मला सोंग वाटलेली हेरगिरी घरबसल्या रचलेली नव्हती. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्रुफोला आपला जन्मदाता कोण हे माहीत नव्हतं. ज्यांचं आडनाव तो लावत होता त्यांनी त्याला आपलं नाव दिलेलं होतं. १९६८ साली त्यानं त्याच द्यूब्ली संस्थेला स्वतःसाठी काम दिलं: माझ्या वडिलांचा शोध घ्या. त्यांनी घेतला. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या बेल्फोर गावात राहणारा एक ज्यू दंतवैद्य, असा अहवाल आला. आंत्वान द बेक आणि सर्ज तुबियाना या चरित्रकारांनी लिहिलंय की त्रुफो त्या गावी गेला, वडील रोज फिरायला बाहेर पडतात त्या वेळी लांब उभा राहिला, त्यांना पाहिलं, आणि न बोलता परत आला.

हे वाचल्यावर ‘हलकाफुलका’ हा शब्द मी या सिनेमाबद्दल वापरेनाशी झाले. हेरांनी पत्ता बिनचूक दिला. नाव, धंदा, फिरायला जायची वेळ, सगळं. पुढं काय करायचं ते त्या कागदावर नव्हतं. पडद्यावर ताबार जो अडाणी प्रश्न घेऊन एजन्सीची पायरी चढतो, त्याच्याहून कितीतरी अवघड प्रश्न घेऊन सिनेमाचा कर्ता तसल्याच एका एजन्सीत गेला होता. आणि तरी त्यानं सिनेमात विनोदच केला. एरवी मी याला पळवाट म्हटलं असतं. आता मला यात धीर दिसतो. ‘फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये त्यानं दुःख दुःख म्हणून दाखवलं, तो सत्तावीस वर्षांचा होता. इथं तो तेच दुखणं दुकानाच्या गल्ल्यावर, टेलिफोनवर, गुंडाळलेल्या खोक्यावर वाटून टाकतो. पहिलं मोठं आहे यात शंका नाही. दुसरं अवघड आहे असं आता वाटतं.

राहिला १९६८ चा राग. तो तर पहिल्याच दृश्यानं जायला हवा होता. सिनेमा उघडतो तो पॅरिसच्या सिनेमातेक या फिल्म-संग्रहालयाच्या बंद दारावर. हा सिनेमा आंरी लांगल्वाच्या सिनेमातेकला अर्पण, अशी अक्षरं येतात. आयुष्यभर फिल्मा जमवून वाचवणाऱ्या लांगल्वाला सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या खात्यानं ९ फेब्रुवारी १९६८ ला सिनेमातेकच्या प्रमुखपदावरून काढलं. ‘बेझे वोले’चं चित्रीकरण नेमकं तेव्हाच चालू होतं. त्याविरुद्धच्या आंदोलनात त्रुफो अग्रभागी. पोलिसांच्या लाठ्या पडल्या, जगभरच्या दिग्दर्शकांनी आपल्या फिल्मा दाखवायला बंदी केली, एप्रिलमध्ये सरकारला लांगल्वाला परत घ्यावं लागलं. मे महिन्यात कानचा महोत्सव बंद पाडणाऱ्यांतही त्रुफो होताच. म्हणजे जो माणूस दिवसा मोर्चात होता, तोच कॅमेऱ्यामागं उभा राहून बुटांची खोकी गुंडाळून घेत होता. आपल्या पुण्यात पी. के. नायर यांनी फिल्म अर्काइव्हमध्ये डबा न् डबा जमवला म्हणून माझ्या पिढीला असले सिनेमे बघायला मिळाले. त्यामुळे त्या बंद दाराचं मोल मला तरी कळायला हवं होतं. पण एखाद्या मतावर टाळ्या मिळत असल्या की माणूस पहिलं दृश्यही विसरतो. प्रत्येक सिनेमानं घोषणाच दिली पाहिजे, हा आग्रह मी सोडला आहे. घोषणा देणाऱ्यांनाही घरी जाऊन प्रेमपत्र लिहायचं असतं.

प्रेमपत्रावरून आठवलं. आंत्वान फाबिएनला, म्हणजे ताबारच्या बायकोला, निरोपाचं पत्र लिहितो आणि ते पॅरिसच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या टपालातून जातं. जमिनीखाली नळ्यांचं जाळं होतं, नळकांड्यात पत्र घालून सोडलं की ते शहराच्या पोटातून सणसणत जायचं. एकोणिसाव्या शतकातली ती सोय १९८४ पर्यंत चालली. त्रुफोही त्याच वर्षी गेला. कॅमेरा त्या पत्राचा पाठलाग करतो, वळणावळणावर रस्त्यांच्या नावाच्या पाट्या दिसत राहतात. या सिनेमात आंत्वानशी जोडलेला, न चुकता पार पडलेला हा एकच पाठलाग. तो माणसाचा नाही, पत्राचा आहे.

आणि रेनकोटवाला. सिनेमाभर तो क्रिस्तीनच्या मागं असतो, ती आणि आंत्वान दोघांनाही बराच काळ पत्ता लागत नाही. शेवटी दोघं बागेत बाकावर बसलेली असताना तो पुढं येतो आणि अदबीनं सांगतो, की मी तुमच्यावर कायमचं प्रेम करतो. बाकीचे सगळे तात्पुरते, मी कायमचा. उत्तराची घाई नाही. एवढं बोलून निघून जातो. क्रिस्तीन म्हणते, वेडाच दिसतो. आंत्वान म्हणतो, हो, असणार. हा शेवट मला पूर्वी उगीच चिकटवलेला वाटायचा. आता वाटतं की या सिनेमातला खरा पोचलेला हेर हा आहे. इतके दिवस मागावर राहून एकदाही सापडला नाही. आंत्वान जिथं जिथं सापडतो, गडबडतो, फाबिएनसमोर घाबरून ‘बाईसाहेब’ म्हणायच्या जागी ‘साहेब’ म्हणून बसतो, तिथं तिथं समोरच्या माणसाला त्याच्याशी बोलावं लागतं. रेनकोटवाल्याशी कुणाला कधी बोलावं लागलं नाही. म्हणून तो इतक्या खात्रीनं प्रेम करू शकतो. त्याचं बोलणं ऐकताना आंत्वानच्या चेहऱ्यावरून जे सरकतं ते लेओनं फार बारीक ठेवलंय: हा मी झालो असतो.

मात्र आजच्या मुलींना हा प्रसंग दाखवला की त्या अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कॉलेजच्या रस्त्यावर असले ‘कायमचे’ प्रेमवीर आम्हीही सोसलेत. त्यांची अदब कुठं संपते ते आम्हाला ठाऊक आहे. त्रुफो त्याला धोक्याइतकाच काव्यमयही ठेवतो. ते मला अजूनही खटकतं.

त्याहून खटकते फाबिएनची वाटणी. देल्फीन सेरिगनं तिला अशी काही उभी केली आहे की ती बोलायला लागली की बाकीचा सिनेमा थांबून ऐकतो. पत्र वाचून ती सकाळीच आंत्वानच्या खोलीवर येते आणि त्याला बजावते, की मी कुणी आकाशातून उतरलेली मूर्ती नाही, बाई आहे. मग काही तास त्याच्याबरोबर घालवायची तयारी दाखवते, पुन्हा भेटायचं नाही या अटीवर. अट सिनेमाच काटेकोर पाळतो. ती पुन्हा पडद्यावर येत नाही. म्हणजे मी मूर्ती नाही असं तिच्या तोंडून वदवून त्रुफोनं तिला मूर्तीसारखंच अंतर्धान करून टाकलं. त्या सकाळनंतर ती ज्या घरी परतली तिथं तिचं काय झालं, ताबारला काय कळलं? व्यभिचाराला कैद सांगणारा कायदा तर अजून पुस्तकात होता. आंत्वानच्या अहवालात तिच्या कांतीचं वर्णन आहे, तिला काय हवं होतं त्याची नोंद नाही. या एका बाबतीत तो पोरगा खरोखर कच्चा हेर आहे, आणि त्याचा दिग्दर्शकही.